अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशीत कॅल्शियम का साचतं? मग कॅल्शियमच्या गोळ्या बंद कराव्यात का?

बीड : दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी भागातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. गावात राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली नातवंडं. चार-पाच महिन्यांनी लेक-सून परत येतात, तेव्हा कुणाच्या घरी आई बदललेली दिसते, कुणाच्या घरी आबा. एकच प्रश्न चार-चार वेळा विचारतात. चुलीवर दूध ठेवलंय हे विसरतात. रोजच्या वाटेवरून येताना चुकतात. 'वय झालं, म्हातारचळ लागला' असं म्हणून विषय तिथंच मिटतो.

तो तिथं मिटू नये, याला कारण आहे. देशभरातल्या वृद्धांची पाहणी करणाऱ्या 'लासी-डॅड' या अभ्यासाचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार ६० वर्षांवरच्या भारतीयांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के आहे, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरापेक्षा खेड्यात ते जास्त आढळलं. स्मृतिभ्रंशाचं सगळ्यात मोठं कारण अल्झायमर.

आता घरोघरी मोबाईल आहे. डॉक्टरांनी अल्झायमरचं नाव काढलं की घरातलं शिकलेलं पोरगं त्यावर शोधतं आणि हमखास एक वाक्य वाचतं : या आजारात मेंदूच्या पेशींमध्ये कॅल्शियम वाढतं. इकडे आईची गुडघेदुखीची कॅल्शियमची पट्टी कोनाड्यात असतेच. इथून गोंधळ सुरू होतो. कुणी गोळ्या बंद करतं, कुणी दूधसुद्धा. उलट कुणाला वाटतं की डोक्याला ताकद यावी म्हणून गोळ्या वाढवाव्यात. मोबाईलवरचं ते वाक्य खोटं नाही, पण त्यातून काढलेले हे दोन्ही अर्थ चुकीचे आहेत.

हाडातलं कॅल्शियम आणि पेशीतलं कॅल्शियम

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण एक किलो कॅल्शियम असतं. त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेलं एक टक्का रक्तात, स्नायूंत आणि पेशींच्या आत-बाहेर असतं, आणि या एका टक्क्याचं काम अगदी वेगळं आहे. ते निरोप्याचं काम करतं. हृदयाचा ठोका, हाताची मूठ वळणं, मेंदूत एखादी गोष्ट लक्षात राहणं, या सगळ्यात कुठे ना कुठे कॅल्शियमनं पेशीत शिरून निरोप दिलेला असतो.

निरोप ऐकू यायचा तर आधी शांतता हवी. म्हणून प्रत्येक जिवंत पेशी आपल्या आत कॅल्शियम जवळजवळ राहूच देत नाही. मेंदूच्या पेशीबाहेरच्या द्रवात ते आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट जास्त असतं. यामागं आणखी एक कारण सांगतात. पेशीचा ऊर्जेचा सगळा व्यवहार फॉस्फेटवर चालतो, आणि कॅल्शियम-फॉस्फेट एकत्र आले की त्यांचा खडा धरतो. आपलं हाड म्हणजे बहुतांशी तेच. पेशीच्या आत असे खडे धरून चालणार नाही, म्हणून कॅल्शियम बाहेर ठेवावं लागतं.

माजलगाव धरणाच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना हे चित्र लगेच कळेल. कालवा तुडुंब भरलेला, शेत कोरडं, आणि मधे दार. पाळी आली की दार उघडायचं, सऱ्या भिजल्या की बंद करायचं. मेंदूच्या पेशीच्या आवरणात अशी असंख्य बारीक दारं आहेत. ती हजारभराव्या सेकंदात उघडतात आणि तितक्याच चटकन मिटतात. आत आलेलं कॅल्शियम पंप लगेच बाहेर फेकतात. थोडं पेशीच्या आतच एका साठ्यात भरून ठेवलं जातं. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम असं त्या साठ्याचं लांबलचक नाव आहे. इथं त्याला पेशीचं शेततळं म्हणू.

हे पंप फुकट चालत नाहीत. त्यांना ऊर्जा लागते आणि ती मायटोकॉन्ड्रिया नावाच्या पेशीतल्या वीजघरांतून येते. वय वाढतं तसा या वीजघरांचा दाब कमी होतो. डीपीवर लोड आला की मोटर कशी घुरघुरते आणि पाणी ओढत नाही, तसंच काहीसं.

आठवण धरते कशी, पुसते कशी

एका पेशीकडून दुसरीकडे संदेश जातो तेव्हा पहिल्या पेशीच्या टोकाशी कॅल्शियमची दारं उघडतात. कॅल्शियम आत शिरलं की तिथल्या पुड्यांमधलं रसायन बाहेर सुटतं आणि पलीकडच्या पेशीवर जाऊन आदळतं. पेशींमधलं हे रसायन सुटतं कसं, यावरच्या कामासाठी बर्नार्ड कॅट्झ यांना १९७० चं नोबेल मिळालं.

खरी गंमत पलीकडच्या पेशीत आहे. तिथं एनएमडीए नावाचं एक दार असतं. त्याला दोन चाव्या लागतात. ग्लुटामेट हे रसायन येऊन बसलं पाहिजे आणि पेशी आधीच जागी असली पाहिजे. दोन्ही एकाच वेळी झालं तरच दारात अडकलेला मॅग्नेशियमचा कण बाजूला होतो आणि कॅल्शियम आत येतं. दोन गोष्टी सोबत घडल्या हे पेशीला यातून कळतं. नातवाचा चेहरा आणि त्याचं नाव यांची गाठ मेंदूत अशीच बसते.

पुढचा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण अल्झायमरचं कोडं इथंच आहे. कॅल्शियम जोरात आणि थोडाच वेळ आलं, तर पेशीतलं एक प्रथिन जागं होतं आणि दोन पेशींमधला सांधा पक्का करतं. आठवण धरते. तेच कॅल्शियम हळूहळू, थोडं थोडं, बराच वेळ येत राहिलं, तर कॅल्सिन्युरिन नावाचं दुसरं प्रथिन जागं होतं आणि तोच सांधा सैल करतं. म्हणजे कॅल्शियम तेच, पण कसं आलं यावर आठवण टिकते किंवा पुसली जाते. निरोगी मेंदूला दोन्ही लागतात. नको ते विसरणंही गरजेचं असतं.

शेतकऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही. पाळीचं पाणी दिलं तर ऊस जोमानं येतो. कालव्याचा पाझर वर्षभर शेतात मुरत राहिला तर जमीन चिबडते आणि मुळं सडतात.

अल्झायमरमध्ये नेमकं काय बिघडतं

१९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये अलॉइस अल्झायमर या डॉक्टरांकडे ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई आली होती. तिला स्वतःचं नावसुद्धा धड सांगता येत नव्हतं. १९०६ मध्ये ती वारली. तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर गाठी होत्या आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे. गाठी अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या असतात आणि धागे टाऊ नावाच्या प्रथिनाचे, हे पुढं अनेक दशकांनी कळलं. तेव्हापासून बहुतेक संशोधन या दोघांभोवती फिरत आलं आहे.

अमेरिकेतले संशोधक झावेन खाचातुरियन यांनी १९८० च्या दशकात वेगळा प्रश्न मांडला. म्हातारपणी मेंदूच्या पेशींचा कॅल्शियमवरचा ताबाच सुटत असेल आणि बाकीचं नुकसान त्यातून होत असेल तर? या मांडणीला कॅल्शियम सिद्धांत म्हणतात. तेव्हा हाती पुरावे थोडे होते. नंतर ते वेगवेगळ्या बाजूंनी जमा होत गेले.

१९९३ मध्ये प्रयोगशाळेत असं दिसलं की अमायलॉइडचे छोटे पुंजके कृत्रिम आवरणात छिद्रं पाडू शकतात आणि त्या छिद्रांतून कॅल्शियम जातं. म्हणजे पाटाला दार आहे, पण बाजूनं घुशीनं बांध पोखरलाय. हे पुंजके पेशीच्या आवरणाला कसे चिकटतात आणि त्यांचा आकार कसा असतो, यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुदीप्त मैती यांच्या गटानंही काम केलं आहे. मोठ्या गाठींपेक्षा हे छोटे पुंजके जास्त घातक असावेत, असं आता बरेच शास्त्रज्ञ मानतात.

१९९५ मध्ये प्रेसेनिलिन नावाचे दोन जनुक सापडले. काही मोजक्या घराण्यांत चाळिशी-पन्नाशीतच अल्झायमर होतो, तो बऱ्याचदा या जनुकांतल्या बिघाडामुळं. याच बिघाडामुळं अमायलॉइड चुकीचं कापलं जातं आणि पेशीतल्या त्या शेततळ्यातून कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त सुटतं. या साठ्याचा मेंदूच्या पेशींशी काय संबंध, हे बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात गैती हसन यांनी फळमाशीवर वर्षानुवर्षं तपासलं आहे. माशीच्या मेंदूत काय बघायचं, असं वाटेल. पण कॅल्शियमची ही यंत्रणा माशीत आणि माणसात बरीच सारखी आहे.

२००८ मध्ये अल्झायमरसारखा आजार असलेल्या उंदरांचा मेंदू जिवंतपणी पाहिला गेला. कॅल्शियम दिसेल असे चमकणारे रंग त्यासाठी वापरले होते. अमायलॉइडच्या गाठींजवळच्या पेशींत आणि त्यांच्या फांद्यांत कॅल्शियम तुंबलेलं होतं, आणि त्या परिसरातल्या काही पेशी गरज नसताना सारख्या पेटत होत्या. आजारात मेंदू मंद होत जातो असं आपण समजतो, पण सुरुवातीला त्याचे काही भाग उलट जास्त खवळलेले असतात.

याचा घरच्यांशी थेट संबंध आहे. अल्झायमरच्या रुग्णांना फिट येण्याचा धोका त्याच वयाच्या इतरांपेक्षा जास्त असतो. दर वेळी हातपाय झाडतीलच असं नाही. माणूस मिनिटभर एकटक बघत राहतं, हाकेला ओ देत नाही, मग पुन्हा ठीक होतं. असं झालं तर त्याला बाहेरचं समजून अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नयेत. मोबाईलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवावा. फिटवर औषध आहे.

आधी काय, नंतर काय

मग सगळ्याचं मूळ कॅल्शियमच का? इतकं सरळ उत्तर नाही. अमायलॉइडमुळं कॅल्शियम वाढतं, हे दिसलं आहे. कॅल्शियम वाढलं की अमायलॉइड जास्त बनतं, हेही दिसलं आहे. वाढलेल्या कॅल्शियममुळं काही पाचक प्रथिनं जागी होतात आणि त्या साखळीत टाऊचेही धागे बनायला लागतात. पाझरामुळं बांध ढिला होतो आणि बांध ढिला झाला की पाझर वाढतो. यातलं पहिलं काय, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

सिद्धांत पक्का असता तर कॅल्शियमची दारं बंद करणारं औषध दिलं की काम झालं असतं. निमोडिपिन नावाचं तसं औषध स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर वापरून पाहिलं गेलं. आजार थांबवण्याइतका फायदा त्यात सिद्ध झाला नाही. कारण उघड आहे. सगळीच दारं लावली तर गरजेचं पाणीही बंद होतं.

बीपीसाठी अनेक घरांत चालू असलेली ॲम्लोडिपिनची गोळी याच जातीची. पण ती मुख्यतः रक्तवाहिन्यांवर काम करते. तिला अल्झायमरवरचं औषध समजू नये आणि कॅल्शियमच्या भीतीनं ती बंद तर अजिबात करू नये. बीपी ताब्यात राहणं मेंदूसाठी चांगलं आहे, ते कोणत्याही गोळीनं राहो.

कॅल्शियमच्या या वाटेवरचं एक औषध मात्र आज रोजच्या वापरात आहे. त्याचं नाव मेमँटिन. मुळात ते मधुमेहासाठी बनवलं होतं, तिथं ते फसलं. पुढं कळलं की ते त्या दोन चाव्यांच्या एनएमडीए दारात बसतं. सतत झिरपणारं कॅल्शियम अडवतं आणि खरा जोराचा संदेश आला की बाजूला होतं, असं त्याचं काम समजावून सांगतात. युरोपात २००२ मध्ये आणि अमेरिकेत २००३ मध्ये त्याला परवानगी मिळाली. भारतात अनेक कंपन्या ते बनवतात. मध्यम आणि पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांना ते देतात. काहींना थोडा काळ बरं पडतं, चिडचिड कमी होते, अंघोळ-कपडे स्वतःचं स्वतः करता येतं. आजार त्यानं थांबत नाही. चार महिन्यांत 'काही फरक नाही' म्हणून स्वतःहून औषध सोडण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. किडनीचा त्रास असेल तर डोस बदलावा लागतो, तेही त्यांना सांगावं.

आता गोळ्यांचं

जेवणातलं किंवा गोळीतलं कॅल्शियम सरळ मेंदूच्या पेशीत जाऊन बसत नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर फार कडक शिस्तीत ठेवतं, साधारण १०० मिलिलिटरला ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम. कमी पडलं तर गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून काढून घेतात. जास्त झालं तर लघवीवाटे जातं. मेंदूभोवती आणखी एक गाळणी असते. अल्झायमरमध्ये बिघाड असतो तो पेशीच्या दारांत, पंपांत आणि साठ्यात. कालव्याला पाणी किती सोडलं, याचा तिथं फारसा प्रश्न नसतो. त्यामुळं दूध, ताक, तीळ बंद करून अल्झायमर टळत नाही आणि गोळ्या वाढवून स्मरणशक्ती येत नाही.

स्वीडनमध्ये ७०० वृद्ध महिलांच्या २०१६ मधल्या एका अभ्यासात कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी ज्यांना आधी पक्षाघात होऊन गेला होता किंवा मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होत्या, त्यांच्यात स्मृतिभ्रंश जास्त दिसला. बाकीच्यांत नाही. नंतर ऑस्ट्रेलियातल्या वृद्ध महिलांच्या अभ्यासात असा धोका आढळला नाही. एवढ्यावरून कुणाच्या गोळ्या सरसकट बंद करायच्या नाहीत. लकवा होऊन गेला असेल तर मात्र कॅल्शियमची गोळी विचारून घ्यावी, हे बरं.

कॅल्शियमचा एक वेगळा धोका आहे आणि गावाकडं त्याकडं लक्ष जात नाही. रक्तातलंच कॅल्शियम फार वाढलं तर माणूस गोंधळतो, सुस्त होतो, असंबद्ध बोलतो. घरच्यांना वाटतं चळ लागला. पॅराथायरॉइड ग्रंथी वाढल्यामुळं, काही कर्करोगांत किंवा डी जीवनसत्त्वाचा अतिरेक झाल्यामुळं असं होतं. डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी साधारण आठवड्याला एक, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती रोज घेतली, किंवा अंगदुखीला बरं वाटतं म्हणून डीची मोठी इंजेक्शनं वरचेवर टोचून घेतली, की रक्तातलं कॅल्शियम वर जाऊ शकतं. खूप तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, उलट्या आणि त्यासोबत डोक्याचा गोंधळ असेल तर रक्तातलं कॅल्शियम तपासायला सांगावं. साधी तपासणी आहे. कारण सापडून उपचार झाला तर असा माणूस बहुधा सुधारतो.

बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, रक्तातलं सोडियम कमी होणं, नैराश्य यांतही माणूस विसराळू होतं आणि यांवर इलाज आहे. दोन-चार दिवसांत अचानक गोंधळ सुरू झाला असेल तर तो अल्झायमर नसण्याचीच शक्यता जास्त. लघवीचा जंतुसंसर्ग, ताप, नवीन औषध, डोक्याला मार असं काहीतरी असतं. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं. अल्झायमर महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी वाढतो.

टोळी निघायच्या आधी

जागतिक अल्झायमर दिवस २१ सप्टेंबरला असतो. टोळ्या निघायला तेव्हा महिनाभर उरलेला असतो, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाची तपासणी करून घ्यायला तो काळ चांगला. बीडचं जिल्हा रुग्णालय, तालुक्याजवळचं उपजिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जे जवळ पडेल तिथं मेडिसिन किंवा मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवावं. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पुड्या आणि काढे पिशवीत घालून न्यावेत. विसरणं कधीपासून, वाट चुकली का, पैशाचा हिशेब जमतो का, फिट आली का, हे सांगायला सोबत रोज जवळ असणारं माणूस असावं. बहुधा ती सून असते.

२०२४ च्या लॅन्सेट आयोगानं स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येण्याची १४ कारणं मांडली. ती सगळी आटोक्यात आली तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो, असा त्यांचा हिशेब आहे. त्यांत शुगर, बीपी, बिडी-सिगारेट, एकटेपणा, कमी शिक्षण, न दिसणं आणि ऐकू न येणं हे सगळं येतं. कानाच्या मशीनला गावात हसतात, पण ऐकू आलं की म्हातारं माणूस पारावर बसून बोलत राहतं. मोतीबिंदू राहिला असेल तर तोही काढून घ्यावा.

निदान झालेलं माणूस गावात मागं ठेवायचं की कोपीवर सोबत न्यायचं, हा प्रश्न अवघड आहे आणि प्रत्येक घराचं उत्तर वेगळं. कोपीवर जागा नवी, रात्री अंधार, ट्रॅक्टरची वर्दळ. ओळखीचं काही न दिसल्यानं गोंधळ वाढतो आणि माणूस उठून चालायला लागतं. गावात ठेवलं तर दहा-बारा वर्षांच्या नातवावर सगळं टाकता येत नाही. शेजारचं किंवा भावकीतलं एक मोठं माणूस ठरवून नेमावं, आशाताईंना सांगून ठेवावं, गोळ्या दिवसवार डबीत भराव्यात, गॅस असेल तर रात्री सिलिंडर बंद करायची जबाबदारी कुणाची ते ठरवावं. खिशात किंवा पदराच्या गाठीला नाव, गाव आणि लेकाचा फोन नंबर असावा. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६. दोन्हींना फोन करायला पैसे लागत नाहीत.